बॅटरी मेथी

यंत्र दिसायला बंदुकीसारखं होतं आणि वापरायचंही जवळजवळ तसंच. नळीचं तोंड मातीला टेकवायचं, घोडा दाबायचा, मिनिटभर हात हलू द्यायचा नाही. मग मागच्या छोट्या पडद्यावर मातीत शिसं किती, क्रोमियम किती, आर्सेनिक किती ते उमटायचं. आतून क्ष-किरण निघतात, मातीतल्या धातूंवर पडतात, प्रत्येक धातू आपापल्या पद्धतीनं त्यांना उत्तर देतो आणि यंत्र ते उत्तर ओळखतं, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. पुलगावहून रोज ये-जा करणारा एक सहकारी म्हणाला, "सर, हे घेऊन आमच्याकडे येऊ नका. दारूगोळ्याचा डेपो आहे. आधी तुम्हाला बसवून ठेवतील, मग यंत्राला विचारतील."

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी तीस-एक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त होऊन सिंदी मेघेच्या घरात कुंड्यांना पाणी घालतो. हे निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यातलं आहे आणि मी ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, तेही माझ्या विनोदाचा भाग गाळून. म्हणजे मुख्य भाग गाळूनच.

कॉलेजात माझी ख्याती फारशी विद्वत्तेची नव्हती. मी तिरकस बोलतो अशी होती. सत्कार, उद्घाटनं, शाली, नारळ, लांबलेली भाषणं यांच्यावर मी स्टाफरूममध्ये काहीतरी म्हणायचो आणि ते माझ्याआधी कॅन्टीनला पोचायचं. मला ते आवडायचं. नाही आवडत असं दाखवायचो, पण एखादं वाक्य परत माझ्याच कानावर आलं की त्या दिवशीचा चहा जास्त चांगला लागायचा.

यंत्र आम्हाला एका प्रकल्पातून वर्षभरासाठी मिळालं होतं. काम साधं होतं. कारंज्याजवळ हायवेला लागून ट्रकची गॅरेजं आहेत, ढाबे आहेत, आणि पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढणारी दुकानं होती. त्यातली बहुतेक बंद पडली. पण शिसं मातीतून कुठे जात नाही. आजूबाजूच्या वावरांत ते पसरलं आहे का, हे झटपट पाहायचं आणि जिथे संशय येईल तिथली माती मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची. झटपट चाचणी म्हणजे चाळणी, निवाडा नव्हे, हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं. सुरुवातीला शुद्ध वाळूची डबी मोजून यंत्र खरं बोलतंय ना ते पाहायचं, आणि दर खड्ड्याआधी खुरपं धुऊन पुसायचं, हेही त्याच फळ्यावर होतं.

मी एकटा दोन विद्यार्थी घेऊन गेलो असतो तर हे सगळं झालं असतं. पण प्राचार्यांना शुभारंभ हवा होता. शुभारंभ म्हटलं की बॅनर आलं, आणि बॅनरवर 'मृदा परीक्षण'चं 'मुद्रा परीक्षण' झालं. मी दोन दिवस त्यावर जगलो. आम्ही नाण्यांची तपासणी करायला निघालोय, की सगळ्यांचे चेहरे वाचणार आहोत, असं विचारत फिरलो. प्रमुख पाहुणे संस्थेच्या मंडळावरचे एक बडे व्यापारी होते, सज्जन आणि भाषणाला कधीही तयार. जागा ठरली हायवेच्या कडेचं एक लहानसं गाव. तिथे मारुतीचं देऊळ होतं, देवळासमोर मांडव घालण्याइतकी मोकळी जागा होती, आणि रस्त्याच्या पलीकडे बॅटऱ्यांचं एक बंद दुकान होतं. पाहुण्यांच्या गाड्या त्या दुकानाच्या अंगणात लावल्या होत्या.

भाषण अर्धा तास चाललं. काळ्या आईच्या पोटातलं विष वगैरे आलं. मधे थांबून पाहुण्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, हे जड धातू म्हणजे साधारण किती जड असतात?"

"भाषणाइतके नाही," मी म्हणालो. हळूच म्हणालो, पण शेजारच्या दोघांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

मग पूजा. यंत्र आणि खुरपं पाटावर ठेवलं होतं. खुरपं नवंकोरं, आदल्या दिवशी वर्ध्यात घेतलेलं. देवळाची देखभाल करणारे एक म्हातारे गृहस्थ हळद-कुंकवाचं ताट घेऊन आले, त्यांनी फूल वाहिलं, नारळ फोडला आणि ते क्षणभर पाहत राहिले.

"कोरं हाय," ते म्हणाले. "कोऱ्या अवजाराले मारोतीचा शेंदूर लागला पायजे. मंग वावरात लावा."

ते आत गेले आणि मारुतीच्या खांद्यावरचा तेलातला शेंदूर बोटभर काढून घेऊन आले. बोट यंत्राच्या तोंडाकडे वळलं तसा मी पुढे झालो. त्या तोंडावर कागदाहून पातळ पडदा असतो, त्याला काही लागलं की यंत्र गेलंच.

"याच्या नाकाला नको, आजोबा," मी म्हणालो. "शिंका येतील."

मांडव हसला. आजोबाही हसले. "मंग खुरप्याले लावतो."

"खुरप्याला लावा. त्याला नाक नाही."

पुन्हा हशा. त्यांनी पात्यावर पाच बोटं ओढली, जाड, ओली, केशरी. मी महागाचं यंत्र वाचवलं होतं आणि वर लोकांना हसवलं होतं. मी स्वतःवर खूष होतो.

पहिला खड्डा कुठे घ्यायचा हे पाहुण्यांच्या बुटांनी ठरवलं. देवळाच्या मागेच एका बाईची भाजीची वाडी होती. मेथी, पालक, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, थोडी वांगी. हाताच्या अंतरावर, वाट कोरडी. बाई पन्नाशीच्या होत्या, धुवट पातळ नेसून बांधावर उभ्या होत्या. आठवडी बाजारात त्यांची ठरलेली जागा होती आणि घर त्या जागेवर चालत होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "माह्याच वाडीतून सुरू करून राह्यले त चांगलंच हाय. फक्त मेथी तुडवू नका, साहेब." हे त्या पाहुण्यांना म्हणाल्या. पाहुणे घाईनं मागे सरले. मला बाई आवडल्या.

माझ्या पिशवीत खुरपं धुवायच्या पाण्याची बाटली होती. नारळ फोडून चिकट झालेले हात धुवायला पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं ती मागितली, मी दिली. वाळूची डबी पिशवीच्या तळाशी होती. पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, प्राचार्य घड्याळ बघत होते, फोटोवाला एका गुडघ्यावर बसला होता. मी वाफ्यात खुरपं घातलं, वरची माती उकरली, चुरली, डबीत दाबली आणि यंत्र टेकवलं.

मिनिटानं पडद्यावर आकडा आला तो मी आजवर मातीत पाहिलेल्या कुठल्याही आकड्याहून मोठा होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तीस वर्षं फळ्यावर शिसं लिहिलं, आणि आज ते पहिल्याच खड्ड्यात सापडलं.

प्राचार्यांनी माइक माझ्या तोंडापुढे धरला. "काय निघालं, सर?"

"शिसं. भरपूर."

"म्हणजे लोकांना समजेल असं सांगा."

यावर म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. ही चाळणी आहे. अजून मोजायचं आहे. पक्कं काही सांगता येत नाही. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीही ऐकून कुणी हसलं नसतं.

"म्हणजे," मी म्हणालो, "इथली मेथी खाण्यापेक्षा बॅटरी चाटलेली बरी. बॅटरीवर निदान इशारा तरी छापलेला असतो."

मांडवात, बांधावर, रस्त्यापर्यंत हशा पिकला. पाहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या बाईही हसल्या. सगळे हसतात म्हणून माणूस हसतं तशा, अर्धा क्षण. मग त्या एकेकाचा चेहरा बघायला लागल्या, आपण कशावर हसलो ते शोधत. ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं आजही म्हणू शकत नाही.

त्यानंतर आम्ही आणखी तीन वावरांत माती घेतली. पाहुणे गेले होते, त्यामुळे कुणी हसलं नाही आणि आकडेही उतरत गेले. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटो आला. माझं वाक्य चौकटीत होतं.

आठवड्याभरानं आमच्या विभागातला शिपाई टेबल पुसता पुसता म्हणाला, "सर, तुमची बॅटरी मेथी कारंज्यात लई चालून राह्यली."

"मेथी चालतेय?"

"मेथी नाई चालत. बॅटरी चालते." त्याची बहीण कारंज्यात दिलेली होती, तिच्याकडून त्याला सगळं कळलं होतं. "त्या काकू बाजारात बसल्या का लोकं इचारते, काय वं काकू, आज किती होल्टची हाय? एक जण म्हणे, दोन जुड्या देजो, ट्रॅक्टर सुरू होऊन नाई राह्यला. पोट्टे त जवळून जाताना झटका बसल्यासारखं करते."

"आणि घेत कुणी नाही?"

"कोन घेईन सर? तुमीच म्हटलं ना."

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मी दोनदा उठून कुंड्यांपाशी जाऊन आलो. शिपायाचं ऐकून मला आधी बरं वाटलं. माझं वाक्य कारंज्यापर्यंत पोचलं होतं, लोकांनी त्याला फाटे फोडले होते, आणि ट्रॅक्टरचा फाटा चांगला होता. वाईट वाटलं ते नंतर, आणि तेव्हासुद्धा मी स्वतःला सांगितलं की विष ते विष, लोक जपतायत हे चांगलंच आहे.

दोन दिवसांनी दुपारी यंत्रातले आकडे संगणकात उतरवून घेत होतो. यंत्र प्रत्येक मोजणी वेळेसकट साठवतं. पहिलं वावर, देवळामागचं, सगळ्यात मोठा आकडा. दुसरं त्याच्या निम्म्याहून कमी. तिसरं आणखी कमी. चौथं जवळजवळ निरोगी. पण चौथं वावर बॅटऱ्यांच्या दुकानाला सगळ्यात जवळ होतं. विष दुकानातून आलं असेल तर सगळ्यात जास्त तिथे असायला हवं होतं. आकडे अंतराप्रमाणे उतरत नव्हते. ज्या क्रमानं आम्ही खड्डे घेतले त्या क्रमानं उतरत होते, जणू शिसं आमच्याबरोबरच आलं होतं आणि वावरागणिक थोडं थोडं पुसलं जात होतं.

खुरपं कपाटात होतं. पातं मातीनं घासून चकचकीत झालं होतं. पण पातं मुठीत शिरतं त्या खाचेत केशरी रेघ तशीच होती.

शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुन्या पद्धतीचा शेंदूर हाच. मी हे इतक्या वर्षांत इतक्या वर्गांना शिकवलं की रिकाम्या जागा भरा या प्रश्नात ते विचारलं की पोरं कंटाळायची. आजोबांनी पाच बोटं शिसं माझ्या डोळ्यांदेखत खुरप्यावर ओढलं, मी 'त्याला नाक नाही' म्हणालो, आणि तेच खुरपं त्या बाईच्या वाफ्यात घातलं. पूजेवर मी हसत होतो, पण पूजेत खुरप्याला काय लागतंय ते बघत नव्हतो. बघितलं असतं तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, पुढच्या आठवड्यात प्रकल्पाची समिती येतेय. पहिल्याच दिवशी खुरपं धुतलं नाही, हे त्यांना सांगायचं?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि गावात जाऊन काय म्हणणार? मारुतीच्या शेंदरात विष आहे? तुम्ही जा, मी येत नाही. पुढच्या फेरीत पुन्हा मोजू, अहवालात दुरुस्ती टाकू. कुणाचं नुकसान नाही."

"बरं," मी म्हणालो.

ही गोष्ट सांगताना प्राचार्यांना पुढे करणं सोपं आहे, बायकोला सांगताना मी तेच केलं. पण ते मला अडवत नव्हते. कुणीतरी अडवावं म्हणून मीच त्यांच्याकडे गेलो होतो. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी कारंज्याची बस दुपारी होती, दुसऱ्या दिवशीही होती. मी समितीसाठी थांबलो. समिती येऊन जेवून गेली, तरी थांबलो. आता जाऊन सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल, म्हणून थांबलो, आणि जितका थांबलो तितकं ते सांगणं अवघड होत गेलं. असे तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात मी यंत्राची पेटी, धुवायच्या पाण्याचे दोन कॅन आणि प्लास्टिकचे कोरे चमचे घेऊन एकटाच एसटीनं गेलो. बाई वाडीत होत्या. मेथीचे वाफे रिकामे होते. मी ओळख द्यायला लागलो तर म्हणाल्या, "ओळखतो मी, सर. तुमाले कोन नाई ओळखत?"

पुन्हा मोजायचं आहे म्हटलं तशा बाजूला झाल्या. मी आधी वाळूची डबी मोजली. मग सगळ्या वाफ्यांतून, कडेनं, मधून, पहिल्या दिवसाच्या खड्ड्याच्या भोवतीनं, दर वेळी कोरा चमचा घेऊन माती काढली. पहिला खड्डा सोडला तर शिसं कुठेच नव्हतं, म्हणजे काळ्या मातीत असतं तेवढंच होतं. मग रस्ता ओलांडून बंद दुकानाच्या अंगणात गेलो, जिथे त्या दिवशी गाड्या उभ्या होत्या. तिथे होतं, भिंतीलगत, भरपूर. मधे हायवे आणि खोल नाली, ते अलीकडे आलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी जिथे मोजायला हवं होतं ती एकच जागा आम्ही पार्किंगला दिली होती. ग्रामपंचायतीला ते मी त्याच दुपारी लेखी कळवलं. बाईंना मात्र तोंडानं सांगायचं होतं.

"मेथी कुठे गेली?" मी विचारलं, कारण सुरुवात कुठून करावी कळत नव्हतं.

"गाडली," त्या म्हणाल्या. बांधाकडे बोट दाखवलं. "थे खड्डा दिसते ना, त्यात. पालक बी."

"शेळ्यांना तरी घालायची."

"शेळीले कशी घालू, सर? तुमीच म्हटलं ना विष हाय म्हून. मुका जीव हाय थो."

बाजारातली माणसं माझं वाक्य विनोद म्हणून पुढे पाठवत होती. त्या वाक्यावर शब्दशः विश्वास ठेवलेलं माणूस एकच होतं, आणि ते माझ्यापुढे उभं होतं.

मी सांगितलं. खुरपं, शेंदूर, न धुणं, उतरत गेलेले आकडे, सगळं. मध्येच मला जाणवलं की मी वर्गात सांगावं तसं सांगतोय, म्हणून थांबलो आणि म्हणालो, "तुमच्या मातीत काही नाही. चूक माझी झाली."

त्यांनी हातातला विळा पदराला पुसला. "हे तुमाले आज समजलं?"

"नाही. तीन आठवडे झाले."

"म्हंजे तीन बाजार," त्या म्हणाल्या. "मंग काऊन नाई आले?"

मी खाली बसून वापरलेले चमचे गोळा करायला लागलो. आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला चहाचं विचारलं नाही असं होत नाही. मोजणी करणाऱ्याला, वसुलीला आलेल्यालाही विचारतात. त्यांनी मला विचारलं नाही. मी पेटी आवरत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "मले सांगून काय होते, सर? मी काय माह्याच मेथीले भेतो काय? जिथं नाव गेलं तिथं सांगा. उद्या बाजार हाय. पालक थोडा निघते नवा, थे घेऊन बसतो मी."

दुसऱ्या दिवशी मी यंत्राची पेटी घेऊनच बाजारात गेलो. त्यांची जागा मधल्या रांगेत होती. पोत्यावर पालकाच्या जुड्या आणि सांभार, बाजूच्या दोघींकडे गिऱ्हाईक, यांच्यापुढे मोकळं. मला पाहून कुणीतरी ओळखलं. "थेच सर हाय बे. बॅटरीवाले." दहा-पंधरा माणसं जमली. काय बोलायचं ते मी रात्री लिहून पाठ केलं होतं.

"या काकूंच्या भाजीत काहीही दोष नाही," मी सुरू केलं.

"मंग आज काय चाटू, सर?" मागून एक जण म्हणाला आणि लोक हसले.

मी शेंदराचं सांगायला लागलो. शिशाचा शेंदूर कसा होतो, तो खुरप्याला कसा लागला. लोक हसत राहिले. त्यांना वाटलं ही पुढची गंमत आहे, सर तीही चांगली सांगतात. मी गंभीर होत गेलो तसे ते जास्त हसले, कारण तिरकस माणूस गंभीर चेहरा करतो तेव्हाच काहीतरी येणार असतं. एक पागोटंवाले गृहस्थ मात्र हसले नाहीत.

"म्हंजे मारोतीनं केलं म्हणता तुमी?" ते म्हणाले. "चूक कोनाची, ढकलता कोनावर?"

"तसं नाही, रसायनशास्त्राप्रमाणे..."

"सर," बाई खालून म्हणाल्या. त्या उठल्या नव्हत्या, आवाजही चढवला नव्हता. "तुमी बोलू नका. तुमी बोलले का लोकं हासते. कागदावर लिवून द्या."

मी पेटीवर कागद ठेवून लिहायला लागलो. 'पूजेच्या वेळी उपकरणास लागलेल्या शेंदुरामधील शिशाच्या अंशामुळे' इथपर्यंत लिहून त्यांना वाचून दाखवलं.

"हे नको," त्या म्हणाल्या. "मारोतीले कायले मधात घेता? शेंदूर सगळ्याईच्या वावरात लागते, सगळ्याईच्या अवजाराले लागते. लोकं वावरात जाच्या आधी धुते थे. तुमी खुरपं धुतलं नाई. तेवढं लिवा."

शेंदूर हाताळताना जपा, हे लोकांना सांगायला हवंच होतं आणि पुढे मी ते वेगळं सांगितलंही, देवळातल्या त्याच आजोबांपाशी बसून, माइकशिवाय. पण तिथे, त्या पोत्यापाशी, बाईंचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. माझ्या वाक्यात शेंदूर पुढे होता आणि मी कुठेच नव्हतो. कर्त्याशिवाय वाक्य लिहायची आम्हा विज्ञानवाल्यांची सवय किती सोयीची आहे, हे मला एका भाजीवाल्या बाईंनी शुद्धलेखन तपासल्यासारखं दाखवून दिलं.

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं: 'मी या बाईंच्या वाडीतली माती न धुतलेल्या खुरप्यानं घेतली. म्हणून यंत्रानं खोटा आकडा दाखवला. त्यांच्या मातीत आणि भाजीत दोष नाही. हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं, मी आज सांगतो आहे.' खाली नाव, कॉलेज, सही.

शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं नव्हतं. ते वाचून दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "असू द्या."

कागद पालकाच्या जुड्यांसमोर दगडाखाली ठेवला. बराच वेळ कुणी वाचला नाही. मग शाळेतल्या शिक्षिका असाव्यात अशा एक बाई पिशवी घेऊन थांबल्या, वाकून सगळा कागद वाचला, मोठ्यानं, मैत्रिणीला ऐकू जाईल असा.

"इतके शिकलेले अन् खुरपं धुता येत नाई?" मैत्रीण म्हणाली.

"आमच्या घरी सुनेलेही येते," पलीकडची कांदेवाली म्हणाली.

त्या दोघी हसल्या, आसपासचे हसले, आणि शिक्षिकाबाईंनी पालकाच्या दोन जुड्या उचलल्या. माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं, तयार होतं, जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"थे सर कोन होय?" मैत्रिणीनं बाईंना विचारलं.

"हेच थे," बाई जुड्या बांधत म्हणाल्या.

मी बस गाठायला उठलो. पेटी खांद्याला लावली तशा त्या मान वर न करता म्हणाल्या, "दुपारपर्यंत बसता काय, सर? कागद सगळेच नाई वाचत. तुमाले पाह्यलं त इचारते, अन् इचारलं त थांबते."

त्यांनी स्वतःखालचं अर्धं पोतं माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. येणारा-जाणारा थांबायचा, विचारायचा, त्या कागदाकडे बोट करायच्या, तो वाचायचा, माझ्याकडे बघून हसायचा. काही नुसतेच हसून जायचे, काही एखादी जुडी घ्यायचे. कुणी काही टोमणा मारला की बाई माझ्याकडे बघायच्या, मी बोलतो का ते पाहायला. मी बोललो नाही. दुपारी सांभार संपला, पालक थोडा उरला, आणि त्यांनी मला जायला सांगितलं.